पॉम्पेईच्या घरातली आपली मूर्ती

पोर्ता मरिनाच्या वेशीतून चढण चढून तुम्ही चौकात येता. मुलं पुढे पळालीत, आजी सावली शोधतेय. समोर व्हिया देल्लाब्बोंदान्झा हा लांबलचक रस्ता. काळ्या लाव्हाच्या फरश्यांवर गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. वाका, त्यांत बोट फिरवा, आणि मागे जा. इसवी सन ७९. व्हेसुव्हियसचा उद्रेक व्हायला अजून काही महिने आहेत.

बाजूला व्हा, गाडी येतेय! फुटपाथ उंच आहे, मुलांना आधी वर घ्या. कोपऱ्यावरचा हौद ओसंडून रस्त्यावर पाणी वाहतंय. ते ओलांडायला मधोमध मोठे दगड बसवलेत. गाडीची चाकं त्यांमधल्या फटींतून नेमकी निघून जातात. धाकटीला उड्या मारत पलीकडे जाऊ द्या.

पावाचा वास येतोय. बेकरीत लाव्हाच्या दगडाचं भलंमोठं जातं आहे आणि त्याला जुंपलेलं गाढव गोल फिरतंय. भट्टीतून निघालेला पाव गोल आहे, वरून आठ भागांत खाचलेला. एकेक भाग मोडून मुलांच्या हातावर ठेवा. पलीकडे गवंडी भिंती दुरुस्त करतायत. ६२ सालच्या भूकंपाची पडझड अजून निस्तरते आहे. डोंगराच्या उतारावर द्राक्षमळे आहेत, आणि त्या डोंगराची धास्ती कुणाच्याही चेहऱ्यावर नाही.

आता या घरात या. ही हस्तिदंती मूर्ती नीट बघा. जेमतेम वीतभर उंचीची स्त्री, हातांत बांगड्यांची चळत, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. बैठकीवर खरोष्ठी अक्षर कोरलंय. ही भारतातून आली आहे. कदाचित आपल्याच मराठवाड्यातून, कारण तेर आणि भोकरदनला अगदी अशाच धाटणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तिथून जहाजं तांबड्या समुद्राकडे निघत.

उद्रेकात ही मूर्ती राखेखाली गाडली गेली आणि १९३८ मध्ये उत्खननात हाती आली. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पॉम्पेईला गेलात की तीही मुलांना दाखवा. खांब मोजून मुलं कंटाळतात. पण आपल्याकडच्या एखाद्या कारागिराचं काम समुद्रापार कुणीतरी हौसेनं घरात जपलं होतं, हे त्यांना लगेच कळतं. आणि परत आल्यावर त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला न्या, तिथलं लामतुरे संग्रहालय दाखवा. पॉम्पेईच्या गोष्टीचा पहिला भाग आपल्या मातीत आहे, आणि तो आपल्या मुलांना आपणच सांगायला हवा.