बियांपासून काळा पाइन

जपानच्या किनाऱ्यावर खारा वारा सोसत वाढणारा काळा पाइन (शास्त्रीय नाव पायनस थुनबर्गी, जपानी नाव कुरोमात्सु) हा बोन्साय म्हणजेच वामनवृक्षकलेतील एक प्रमुख वृक्ष होय. १७७५-७६ मध्ये जपानमध्ये राहिलेले स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. जोडीने येणारी ताठ, सूच्याकार पाने आणि वयाबरोबर भेगाळणारी काळसर साल ही त्याची ओळख. शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहराचा परिसर पाइनच्या बोन्सायसाठी प्रसिद्ध असून तेथील रित्सुरिन उद्यानात सुमारे १,४०० पाइन आहेत.

मोठ्या झाडाच्या मुळांची ठेवण बदलणे अवघड असते. बियांपासून वाढविलेल्या झाडाचे खोड व मुळे मात्र प्रारंभापासून घडविता येतात.

पेरणी : बी एक दिवस पाण्यात भिजवावे. तळाशी बसलेले घ्यावे. तरंगणारे बहुधा पोकळ असते. ते ओलसर वाळूत मिसळून चार ते आठ आठवडे फ्रिजमध्ये (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) ठेवल्यास उगवण एकसारखी होते. थंडी ओसरताच भरड वाळूत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात. या काळात पाणी साचल्यास बुरशीमुळे रोपे बुडापाशी कोलमडतात. म्हणून उत्तम निचरा व खेळती हवा आवश्यक.

मुळांची घडण : रोप सहा-आठ आठवड्यांचे होऊन देठ किंचित टणक झाला, की धारदार पात्याने मूळ छाटतात. बीजदलांखाली दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून, मुळे फुटण्यास मदत करणारे संप्रेरक लावून रोप पुन्हा वाळूत, सावलीत व दमट हवेत रोवतात. सोटमुळाऐवजी चोहोबाजूंनी मुळे फुटतात आणि पुढे बुंध्याला भक्कम पसारा लाभतो. काही रोपे दगावतात. म्हणून बी अधिक पेरावे.

पुढील निगा : दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोवळ्या खोडाला तारेने वळण द्यावे. खोड जाड होईपर्यंत शेंड्याची छाटणी टाळावी. मुळांवरील पांढरी बुरशी झाडाला अन्न-पाणी मिळवून देते. ती धुऊन काढू नये. पूर्ण ऊन हवेच. झाड घडल्यावर उन्हाळ्याच्या आरंभी नवे कोंब काढले, की दुसऱ्या फुटव्याची पाने आखूड येतात. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये. कोकणच्या उष्ण, दमट हवेत या झाडाला हिवाळी विश्रांती पुरेशी मिळत नाही. थंड डोंगराळ प्रदेश त्याला अधिक मानवतो.

बियांचे मोल केवळ छंदापुरते नाही. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत रिकुझेनताकाता येथील सुमारे ७०,००० पाइनचे किनारी वन वाहून गेले. एकच वृक्ष उभा राहिला. खाऱ्या पाण्याने मुळे कुजून २०१२ मध्ये तोही वाळला. परंतु त्याच्या शंकूंतील बियांपासून रोपे तयार झाली आणि किनाऱ्यावर नव्याने लागवड करण्यात आली. ते वन पूर्वीसारखे उभे राहण्यास अर्धशतक तरी लागेल. पाइनचे बी पेरणाऱ्याने हे गणित आधीच मान्य केलेले असते.