प्रसूतिजन्य असंयम

प्रसूतीच्या वेळी झालेल्या इजेमुळे मूत्र, वायू अथवा मल यांच्या उत्सर्गावरील ऐच्छिक नियंत्रण कमी वा नाहीसे होणे, या अवस्थेस प्रसूतिजन्य असंयम म्हणतात. तिचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. प्रसूती दीर्घकाळ अडल्यास गर्भाचे डोके व मातेच्या श्रोणीची हाडे यांमध्ये मूत्राशय चेपला जाऊन त्याचा रक्तपुरवठा थांबतो. मृत झालेले ऊतक गळून पडते व मूत्राशय आणि योनिमार्ग यांमध्ये छिद्र (नालव्रण) राहते. त्यातून मूत्र सतत झिरपते. दुसऱ्या प्रकारात मूत्रमार्ग वा गुदद्वार मिटून ठेवणारे परिसंकोची स्नायू व त्यांच्या तंत्रिका ताणल्या किंवा फाटल्या जातात. त्यामुळे खोकताना वा ओझे उचलताना मूत्र गळते, किंवा मलावर ताबा राहत नाही.

इतिहास : सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या (अडलेल्या प्रसूतीच्या) चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. तथापि नालव्रण मिटविण्याची भरवशाची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली. जेम्स मॅरियन सिम्झ या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १८४५–४९ या काळात ॲलाबामा राज्यातील माँटगमेरी येथे चांदीच्या तारेचे टाके वापरून ती सिद्ध केली व १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. हे प्रयोग गुलाम स्त्रियांवर, बधिरीकरणाविना झाले. अनार्का नावाच्या स्त्रीवर सु. ३० शस्त्रक्रिया करण्यात आल्या. गुलाम स्त्रीच्या संमतीला तेथील कायद्यात स्थान नव्हते.

श्रोणितळाच्या दुर्बल झालेल्या स्नायूंसाठी आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये व्यायाम सुचविले. ते आजही प्राथमिक उपचार म्हणून दिले जातात. फाटलेला स्नायू टाक्यांनी जोडता येतो. परंतु नष्ट झालेले तंतू टाक्यांनी परत येत नाहीत. ॲलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये स्नायुतंतूंलगतच्या 'उपग्रह कोशिकां'चे वर्णन केले. इजेनंतर नवे तंतू निर्माण करणाऱ्या या कोशिका पुढे कोशिका-चिकित्सेचा आधार ठरल्या. या चिकित्सेत रुग्णाच्याच शरीरातील स्नायूचा लहान तुकडा काढून त्यातील कोशिका प्रयोगशाळेत वाढवितात व दुर्बल परिसंकोची स्नायूत टोचतात.

मूत्र-असंयमावरील अशा चिकित्सेचे उत्साहवर्धक निष्कर्ष ऑस्ट्रियातून २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण नैतिक मान्यता व रुग्णांची संमती यांबाबतचे गंभीर दोष उघड झाल्याने तो निबंध २००८ मध्ये मागे घेण्यात आला. त्याच देशात २०१० मध्ये प्रसूतीत गुदपरिसंकोची स्नायू दुखावलेल्या १० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात सुधारणा दिसली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मूत्र-असंयमावरील एका तुलनात्मक चाचणीत (२०१८) केवळ निष्क्रिय द्रव टोचलेल्या स्त्रियांनाही इतका आराम वाटला की, कोशिकांचा वेगळा लाभ सिद्ध झाला नाही व चाचणी लवकर थांबवावी लागली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपयोग वगळता मूल कोशिकांचा वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच अनुज्ञेय आहे.

विदर्भातील स्थिती : विदर्भात मूळ अडचण उपचाराच्याही आधीची, म्हणजे तपासणीची होती. नागपूर (१९४७) व सेवाग्राम (१९६९) यांनंतर यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी राणी बंग, अभय बंग व सहकाऱ्यांची गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांची पाहणी लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. परंतु पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही पाहणी असंयमापुरती नव्हती. तरी ग्रामीण स्त्रीची दुखणी संकोचामुळे आणि स्त्री-डॉक्टरांच्या अभावी किती दडून राहतात, हे तिने दाखविले.

नालव्रणाचा प्रतिबंध प्रसूती अडताच वेळेवर शस्त्रक्रिया उपलब्ध होण्यावर अवलंबून असतो. स्नायूची फाट प्रसूतीनंतर लगेच ओळखून शिवल्यास असंयमाचा संभव बराच कमी होतो. कोशिका-चिकित्सा अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे. ती उद्या यशस्वी झाली, तरी तिचा लाभ विचारपूस व तपासणी झालेल्या स्त्रीलाच मिळू शकेल.