सोंगाड्या आपला, हशा कोणाचा?

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल आपल्या चळवळीत दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर 'करमणूक आहे, सोडून द्या' म्हणून विषय संपवला जातो, नाहीतर एखादे स्किट खटकले की निषेधाचे पत्रक निघते आणि आठ दिवसांत विसरले जाते. 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' ज्या कलेवर उभे आहेत ती कला मुळात कोणाची, ती आपल्या हातून कशी गेली आणि जाताना तिच्यात काय बदलले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही हे बदलापूरच्या बेलवलीतून लिहीत आहोत. इथे घराघरांत रात्रीच्या जेवणाला हे कार्यक्रम लावले जातात आणि पोरांच्या तोंडी त्यातलीच वाक्ये असतात. म्हणून हा प्रश्न इथूनच विचारला पाहिजे.

आमचे म्हणणे सरळ आहे. महाराष्ट्रात लोकांना हसवण्याची कला खालच्या पायरीवर उभे राहून वर बघणाऱ्या माणसांनी घडवली. टीव्हीने ती कला उचलली आणि हशाची दिशा फिरवली. जो हशा वर जायचा तो आता खाली येतो. हे कसे घडले याचा इतिहास आहे आणि तो आपल्या तरुणांना ठाऊक असला पाहिजे.

स्किट म्हणजे काय? दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग. त्यात तीच तीच विक्षिप्त पात्रे, त्यांची ठरलेली लकब, ठरलेले वाक्य. पात्र दिसले की प्रेक्षक आधीच हसायला लागतो. ही रीत परदेशी चॅनेलवरून आली असे ज्यांना वाटते त्यांनी तमाशाचा क्रम आठवावा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. गवळणीत लंगडा पेंद्या आणि पुरुषाने केलेली मावशी ठरलेलीच. बतावणी म्हणजे आजच्या भाषेत स्किटच, फरक एवढाच की ती कागदावर नसायची. सोंगाड्या समोरची माणसे बघून जागेवर बोलायचा. हा खेळ करणारे बहुतेक लोक महार, मांग, कोल्हाटी अशा जातींचे. ज्यांना गावच्या पाटलासमोर मान वर करायची सोय नव्हती, ते रात्री बोर्डावर उभे राहून राजाला, प्रधानाला, हवालदाराला वेड्यात काढत. समोर तोच पाटील बसलेला असे आणि त्यालाही हसावे लागे. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार उभे केले आणि त्या जोडीवर वर्षानुवर्षे महाराष्ट्र हसवला. खाकी वर्दीला गरीब माणूस दिवसा घाबरतो. रात्री तंबूत त्याच वर्दीला तो पोट धरून हसायचा. हा छोटा विजय नव्हता.

या हत्याराची ताकद सगळ्यात आधी ओळखली ती जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे आणि या सगळ्यावर मधूनमधून प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र, खादाड ब्राह्मण. फुल्यांनी तोच विदूषक उचलला आणि कुणब्याच्या बाजूला आणून बसवला. पात्र जुने, पण ते आता लुबाडणाऱ्याचे ढोंग उघडे पाडू लागले. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले यात नवल काही नाही.

पुढे सत्यशोधक जलशांनी हीच वाट धरली. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. मग आले आंबेडकरी जलसे. तीसच्या दशकात, काळाराम मंदिर सत्याग्रहाने पेटलेल्या नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरू लागले. देवाचा गण गेला, शृंगारिक गवळण गेली, स्त्रियांचा नाच गेला. संवाद आणि सोंग मात्र राहिले. रूढी कवटाळून बसलेला म्हातारा आणि त्याला प्रश्न विचारणारा शिकलेला पोरगा अशा जोड्या उभ्या राहिल्या. लोक हसत हसत मेलेले ढोर ओढायचे सोडत होते, पोरांना शाळेत घालत होते. कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात हा सगळा अनुभव लिहून ठेवला. आपल्या किती तरुणांनी ते वाचले आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. आपल्या लोकांच्या हातची कला आहे म्हणून ती आपोआप मुक्तीची कला ठरत नाही. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, तमाशात गाजलेले शाहीर. त्यांच्या फडात पवळा ही महार समाजातली कलावंत होती. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मात्र याच बाबासाहेबांना जलसेकारांचे मोल पुरेपूर ठाऊक होते. कला तीच, पण एका ठिकाणी माणूस विकला जात होता आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस उभा राहत होता. त्यांनी हा फरक केला. आपणही टीव्हीकडे याच नजरेने बघायला हवे.

बदलापूरच्या वाचकांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्यानंतर काही आठवड्यांतच, मे महिन्यात, बाबासाहेब बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून इथे आले होते. उत्सव, मेळा, बोर्ड ही ठिकाणे दुसऱ्यांसाठी सोडून द्यायची नसतात, तिथे जाऊन आपले म्हणणे मांडायचे असते. आपल्या गावाच्या इतिहासातच हा धडा आहे.

मग सोंगाड्या आपल्या हातून गेला कसा? तीन गोष्टी एकामागून एक घडल्या.

पहिली, सरकारी कात्री. स्वातंत्र्यानंतर अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंधने आली. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले आणि प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची रीत पडली. ज्याची कलाच जागेवर बोलण्याची, त्याला सांगितले गेले की काय बोलणार ते आधी लिहून दाखव. लिहिता येणारे पुढे गेले, बोलता येणारे मागे राहिले.

दुसरी, नावाची अदलाबदल. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले आणि तमाशाला लोकनाट्य म्हणून कामगारांच्या लढ्यात उतरवले. 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' ही त्या काळातली हत्यारे. पण नंतर लोकनाट्य हे नाव पांढरपेशा रंगभूमीने घेतले. साठच्या दशकात वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' तुफान चालले, दादा कोंडके त्यातून मोठे झाले. त्यातही सत्तेची खिल्ली होती, हे आम्ही मान्य करतो. पण फडावरचा मूळ सोंगाड्या तंबूतच राहिला आणि त्याची कला तिकीट काढून शहरातल्या नाट्यगृहात गेली.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर समाजाने हलगी, तमाशा, गावकीची कामे झटकून टाकली. स्वाभिमानासाठी ते करणे भागच होते. जलशांतून गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीत घरोघरी नेले. गाणे जगले, वाढले, आज डीजेवरही वाजते. पण जलशातले सोंग, ती बतावणी, तो प्रश्न विचारणारा विनोद हळूहळू गळून पडला. आज भीमजयंतीला गाण्यांचे कार्यक्रम पाच होतील, बतावणी एकही होणार नाही. गाणे श्रद्धा जागवते. ढोंगाची टोपी उडवायला सोंग लागते.

आणि नेमकी ही जागा रिकामी असताना टीव्ही आला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. 'गजरा'मधून छोटी प्रहसने घरात आली. सत्तरच्या दशकातच 'चिमणराव गुंड्याभाऊ' आले. चिं. वि. जोशींचे मूळ लेखन, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा अभिनय, दोन्ही उत्तम. पण ते जग एका ब्राह्मण मध्यमवर्गीय घराचे होते आणि तेच 'मराठी विनोद' म्हणून सगळ्या महाराष्ट्राचे ठरले. पुढे खासगी वाहिन्या आल्या. २०१० मध्ये 'फू बाई फू', ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या', २०१८ मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'.

या कार्यक्रमांनी काही चांगले केले नाही का? केले. मुंबई-पुण्याबाहेरच्या बोली टीव्हीवर ऐकू आल्या. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलले, अरुण कदम यांचा आगरी दादूस आमच्या या ठाणे जिल्ह्याच्या पट्ट्यात घरचाच वाटला. गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून मंचावर यायचा तेव्हा एका वस्तीचे नाव न लाजता घेतले जायचे. शिवाली परब 'कल्याणची चुलबुली' होते. सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचायचे तेव्हा शेतकऱ्याचे दुःख घराघरांत पोचायचे. हे कलाकार कष्टाने वर आलेले आहेत. आमचे भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण साच्याशी आहे. हसू कशावर येते ते एक महिनाभर मोजून बघा. जाड बाई, काळा रंग, बारीक अंग, पुरुषाने नेसलेली साडी, इंग्रजी न येणारी मोलकरीण, पिचलेला भाडेकरू. जुन्या मावशीची थट्टा तेवढी राहिली, हवालदाराची थट्टा मवाळ झाली आणि पाटील, सावकार, भटजी गायब झाले. या गावांत जात नाही, आडनावावरून घर नाकारणारा मालक नाही, सफाई कामगाराला वेगळा कप ठेवणारी सोसायटी नाही. वास्तवात हे सगळे आहे, स्किटमध्ये नाही. पेंद्या ठेवला, सोंगाड्याची जीभ कापली.

'विनोद विनोद म्हणून घ्या' असे सांगणाऱ्यांनी जगाकडेही बघावे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'लिटल ब्रिटन' या कार्यक्रमात अशीच विक्षिप्त पात्रे होती. त्यातली विकी पोलार्ड म्हणजे गरीब कामगार वस्तीतल्या पोरीची टर. त्यावर देश हसला आणि नंतर तिथल्याच लोकांनी विचारले की आपण कोणावर हसत होतो? गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केलेल्या सोंगांमुळे २०२० मध्ये तो कार्यक्रम बीबीसीने आपल्या ऑनलाइन सेवेवरून काढला. अमेरिकेत डेव्ह शॅपेल हा काळा विनोदवीर २००५ मध्ये स्वतःचा गाजलेला कार्यक्रम आणि कोट्यवधी डॉलरचा करार सोडून निघून गेला. काळ्या माणसाच्या प्रतिमेवरचे एक स्किट चित्रित होत असताना एक गोरा माणूस ज्या पद्धतीने हसला, ते हसू त्याला खटकले. लोक माझ्यासोबत हसतात की माझ्यावर, हा प्रश्न त्याला पडला. ब्लॅक पँथरकडून नाव घेणाऱ्या चळवळीच्या वारसांना हा प्रश्न परका वाटायला नको.

मग करायचे काय? बंदीची मागणी हा आमचा उपाय नाही. बंदीने आपली माणसे लिहिती होत नाहीत, उलट कात्री सरकारच्या हातात जाते आणि ती आधी आपल्यावरच चालते, हे तमाशाच्या इतिहासाने दाखवले आहे. उपाय म्हणजे स्वतः बोर्डावर चढणे. हे आजही जमते. २०१२ मध्ये रंगभूमीवर आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा. संकल्पना लोकशाहीर संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, कलाकार जालना जिल्ह्यातले. यमाला घेऊन, पगडी कोणाच्या डोक्याला बसते हे विचारत, त्या नाटकाने शिवाजी महाराजांच्या नावाने चालणारे राजकारण हसवत हसवत उघडे केले. प्रेक्षक पोट धरून हसला आणि विचार करत घरी गेला. बतावणी अशी असते.

बेलवली, अंबरनाथ, उल्हासनगरमधल्या तरुण मंडळांना आमचे सांगणे आहे. पुढच्या भीमजयंतीला डीजेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा आणि दहा मिनिटांची एक बतावणी बसवा. पात्रे शोधायला लांब जावे लागणार नाही. 'आम्ही जात मानत नाही' म्हणत आडनाव विचारणारा फ्लॅटमालक आहे. निवडणुकीपुरता निळा गमछा घालणारा पुढारी आहे. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कुंडली जुळवत बसलेला आपला काकाही आहे, त्याला सोडायचे कारण नाही. प्रत्येकाला एक लकब द्या, एक वाक्य द्या आणि दरवर्षी तीच पात्रे परत आणा. मोबाईलवर चित्रित करा, लोकांपुढे ठेवा. मुलींना लिहू द्या, मुलींनाच बोर्डावर उभे करा, म्हणजे साडीतल्या पुरुषाची गरज उरणार नाही. लिहून झाल्यावर एकच कसोटी लावा: हशा कोणाच्या अंगावर पडतो? दुबळ्याच्या अंगावर पडत असेल तर ते पान फाडा, पुन्हा लिहा.

फुल्यांनी विदूषकाची जागा बदलली, कर्डकांनी गवळण काढून प्रश्न ठेवला. आपल्या पिढीला एवढेच करायचे आहे की सोंगाड्याला त्याची जीभ परत द्यायची.

जय भीम!