पडद्याची डोली आणि देवडीवरचा पहारा

१/ फारुकी राजवटीचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये निवर्तला. थोरल्या नासिरखानाच्या वाट्याला धुळ्याजवळचा लळिंग आला, धाकट्याच्या वाट्याला तापीकाठचे थाळनेर. नासिरखानाची दृष्टी मात्र रावेरच्या पलीकडे, आज मध्य प्रदेशात असलेल्या असीरगडावर होती.

२/ इतिहासकार फरिश्ता सांगतो की, शत्रूच्या भयाचे निमित्त करून नासिरखानाने गडाचा धनी आसा अहीर याच्याकडे आपल्या कुटुंबासाठी आश्रय मागितला. प्रथम डोल्यांतून खरोखर स्त्रिया आल्या. दुसऱ्या दिवशी तशाच पडद्यांआड सशस्त्र शिपाई होते. स्वागताला आलेला आसा मुलांसह मारला गेला.

३/ शेरशहाने १५३८ मध्ये घेतलेल्या रोहतासगडाविषयीही अशीच कथा सांगतात. तेव्हा तपशील जपूनच स्वीकारावा. पण कथेतली चूक नेमकी आहे: पडद्याचा मान राखताना पहाऱ्याने ओळख पटवणेच सोडून दिले.

४/ हीच चूक आज डीएनएस सर्व्हरवर घडते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी ही व्यवस्था १९८३ मध्ये आखली गेली. तिच्यात प्रश्न उघड्यावर जात. वाटेत कोणीही वाचावेत. म्हणून २०१६ मध्ये टीएलएसवरून आणि २०१८ मध्ये एचटीटीपीएसवरून डीएनएस नेण्याची मानके आली. डोलीला पडदा लागला.

५/ परंतु पडदा वाटेवरच्या डोळ्यांसाठी असतो. आत कोणाला घ्यावे हे तो ठरवत नाही. पुष्कळदा सर्व्हरपुढे एक मध्यस्थ प्रॉक्सी असते. ती कूटबद्ध प्रश्न उलगडून आत पाठवते. मांडणी चुकली तर सर्व्हरला मूळ प्रश्नकर्त्याचा पत्ता न दिसता प्रॉक्सीचाच दिसतो. तो तर घरचा! मग परका माणूसही संस्थेच्या अंतर्गत यंत्रांची नावे विचारू शकतो. कधी जुन्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर कडक यादी असते आणि नव्या ८५३ किंवा ४४३ वर ती लावायचीच राहते.

६/ उपाय जुनेच आहेत. प्रत्येक दरवाजाला एकच नियम असावा. मूळ पत्ता सांगणारी चिठ्ठी केवळ आपल्याच प्रॉक्सीकडून आली तर मानावी. शक्य तेथे प्रश्नकर्त्याकडून प्रमाणपत्र मागावे.

७/ असीरगडाचा तट त्या दिवशी कोणी फोडला नाही. दरवाजा आतूनच उघडला गेला होता. पडदा अवश्य राखावा, पण डोलीत कोण आहे हे देवडीवर विचारलेच पाहिजे.