कुतुबमिनाराचे कर्ते

दिल्लीस गेलेला महाराष्ट्रीय प्रवासी कुतुबमिनार पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. आणि ‘हा कुतुबुद्दिनानें बांधला’ एवढें एक वाक्य पदरांत बांधून घरीं येतो. शाळेंत आम्हीही तेंच पाठ केलें होतें. पण मिनाराच्या पायथ्याशीं अंमळ स्वस्थ उभें राहून वर पाहिलें, कीं तें वाक्य किती अपुरें आहे हें दगडच सांगूं लागतात.

तळमजल्यावर तांबड्या वालुकाश्माचे एकाआड एक गोल व टोकदार असे चोवीस पैलू आहेत; दुसऱ्या मजल्यावर ते सारे गोल, तिसऱ्यावर सारे टोकदार. इ. स. ११९९ च्या सुमारास कुतुबुद्दीन ऐबकानें काम आरंभिलें, पण त्याच्या हातून पहिला मजलाच उठला. पुढचे मजले त्याचा जांवई अल्तमश यानें चढविले. चौदाव्या शतकांत माथ्यावर वीज कोसळली. तेव्हां फिरोजशहा तुघलकानें मोडका भाग काढून संगमरवर घातलेले दोन मजले रचले. सुमारें २३८ फूट उंचीचा आजचा मिनार असा तिघांच्या कारकीर्दींत उभा राहिला. १८०३ च्या भूकंपानंतर मेजर स्मिथ या इंग्रज इंजिनियरानें त्यावर एक घुमटीही बसविली होती. ती इतकी विशोभित दिसे, कीं १८४८ मध्यें लॉर्ड हार्डिंगनें खालीं उतरविली. हा निर्णय आम्हांस मनापासून मान्य आहे!

परंतु हे झाले करविते, करणारे कोण? शेजारच्या मशिदीच्या दारावरील फारसी लेख स्वच्छ सांगतो, कीं तिच्यासाठीं सत्तावीस देवळांचें सामान वापरलें. ही गोष्ट झांकण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच मशिदीच्या भव्य कमानी निरखून पाहाव्या. पाचरीसारखे दगड जुळवून खरी कमान वळविण्याची रीत त्यांत नाहीं; एकावर एक चिरा पुढें सरकवीत दोन्ही बाजू माथ्याशीं मिळविल्या आहेत. देवळें बांधणाऱ्या कारागिरांची ही जुनी रीत होय. आकार धन्याचा, हात त्यांचा. आपल्या देवळांचे खांब त्याच हातांनीं तेथें उभे करतांना त्यांच्या मनांत काय आलें असेल, हा विचार आमच्या मनांतून कित्येक दिवस गेला नाहीं.

त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, १३६९ त, फिरोजशहाची दुरुस्ती पुरी झाली. त्या वेळच्या सूत्रधारांनीं मिनारावर आपलीं नांवें खोदून ठेविलीं, तीं नागरी लिपींत. आणि काम तडीस गेलें तें विश्वकर्म्याच्या कृपेनें, असेंही त्यांनीं तेथेंच लिहिलें.