पन्नास मैलांची रेघ

लहानपणी पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून घरी परतलो, की आई दारातच थांबवायची. तळपायाला चिकटलेले डांबरासारखे डाग ती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढी. ‘बोटींची घाण’ एवढेच उत्तर मिळे. ही घाण येते कुठून, या प्रश्नाने पन्नाशीत मला जुन्या सागरी करारांकडे नेले.

तेल उतरवून रिकामे परतणारे जहाज तोल राखण्यासाठी त्याच टाक्यांत समुद्राचे पाणी भरत असे. नवा माल घेण्याआधी ते तेलकट पाणी, टाक्या धुतलेल्या पाण्यासकट, समुद्रात सोडले जाई. त्यातले तेल घट्ट होऊन मोसमी वाऱ्यांबरोबर कोकण-गोव्याच्या वाळूत गोळ्यांच्या रूपाने येई. १९५४च्या लंडन कराराने किनाऱ्यापासून साधारण ५० मैलांच्या आत असे पाणी सोडायला मनाई केली. नकाशावर रेघ ओढली गेली. वाऱ्याला आणि प्रवाहांना तिचे काय!

१९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज खडकावर फुटले. त्या हादऱ्यातून १९७३चा ‘मार्पोल’ करार आकाराला आला आणि १९८३ मध्ये लागू झाला. कचऱ्याविषयीचे त्याचे परिशिष्ट १९८८च्या अखेरीस अमलात आले. बंदरात घाण उतरवून घेण्याची सोय करणे हे आता सदस्य देशांचे कर्तव्य होते.

पण सोय असणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर होते. बंदरात घाण द्यायची तर पैसे मोजावे लागत. रात्री भर समुद्रात सोडली तर फुकट. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड. युरोपीय संघाने २०००च्या निर्देशाने हे गणित उलटवले. रॉटरडॅमसारख्या गजबजलेल्या बंदरात येणाऱ्या जहाजाला, कचरा उतरवो वा न उतरवो, कचरा-शुल्क भरावेच लागते. २०१९च्या निर्देशाने तर नेहमीच्या प्रमाणातल्या घनकचऱ्यासाठी वेगळे पैसे घेणेच बंद केले. शुल्क आधीच भरलेले असल्यावर कचरा पाण्यात टाकून वाचणार काय?

मनाईपेक्षा ही आकारणी मला अधिक शहाणपणाची वाटते. आमच्या किनाऱ्यावर तेलगोळे अजूनही येतात. जहाजाने चुकवलेला खर्च कोणाला तरी भरावा लागतोच. आमच्या घरी तो आईच्या रॉकेलच्या बाटलीतून जात होता.