अर्ध्या आण्याचा भरवसा

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी आज पत्र येते ते भारत सरकारच्या टपालाने. परंतु याच तालुक्याच्या ठाण्याहून एके काळी निराळेच तिकीट निघत असे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 1879 साली भोर संस्थानाने स्वतःची दोन तिकिटे काढली, एक अर्ध्या आण्याचे व दुसरे एक आण्याचे. ती हाती ठशाने उमटवलेली, कडेला दातेसुद्धा नाहीत! 1901 साली शंकरराव पंतसचिवांची प्रतिमा असलेले तिकीट निघाले. संग्राहकांना त्यांची अपूर्वाई वाटते. आम्हांला त्यांचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी वाटते. ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. पत्र पुण्यास धाडायचे तर इंग्रजी तिकीट लावणे भाग होते. पंतसचिवांनी शब्द दिला तो पाळता येईल तेवढ्याच मुलखापुरता.

कंपनी सरकारचा शब्द मोठा होता. पूर्वी हाशील अंतरावर ठरे. 1 ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर झाला, मग ते पेशावरास जावो की रामेश्वरास. या पद्धतीची रंगीत तालीम 1852 साली सिंध प्रांतात झाली. ती करणारे बार्टल फ्रिअर त्याआधी साताऱ्यास अधिकारी होते, म्हणजे आपल्या या मुलखाची त्यांना चांगली माहिती असणार. पुढे 1877 मध्ये व्ही.पी. आली, 1880 मध्ये टपालखात्याची मनीऑर्डर आली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याने पाठवलेले रुपये गावी म्हातारीच्या हाती पडत आणि तिच्या अंगठ्याची पावती उलट टपाली मुंबईस पोहोचे. टपालावर लोकांचा विश्वास बसला तो आमच्या मते या पावतीमुळे. पैसे पोहोचले, हे कोणी सांगण्याची गरज उरली नाही. अंगठाच ते सांगे.

या विश्वासाला कायद्याचा आधार मात्र कधीच नव्हता. 1898 च्या टपाल कायद्याचे सहावे कलम वाचून आम्ही चकित झालो. पत्र हरवले, भलत्याच्या हाती गेले, उशिरा आले किंवा खराब झाले, तर सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेली जबाबदारी वगळता सरकार उत्तरदायी नाही. आणि कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केले नसेल, तर तोही नाही. परक्या सरकारने असे लिहावे, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. स्वराज्यात हे कलम कायम राहिले, आणि 2023 साली नवा कायदा करताना तोच आशय पुन्हा घातला गेला. 2024 पासून तो अमलात आहे.

मग सव्वाशे वर्षे भरवसा टिकला तो कोणाच्या बळावर? आधी काठीला घुंगरू बांधून रान तुडवणाऱ्या हरकाऱ्याच्या, आणि अलीकडे ग्रामीण डाकसेवकाच्या. या डाकसेवकाला खात्याने फार काळ 'खात्याबाहेरचा' मानले. तो नागरी पदावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 1977 साली सांगावे लागले. तरीही आज त्याचे काम दिवसाला चार-पाच तासांचे धरले जाते, आणि नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन त्याला नाही. पोट भरण्यास दुसरा धंदा हवा, अशी अपेक्षा खातेच बाळगते. म्हणजे ज्याच्या पायांवर सगळा भरवसा उभा, त्याला खाते अर्धाच आपला समजते.

खासगी कुरिअरने हा प्रश्न सुटला असे कोणी म्हणेल. शहरात सुटला असेल. जिथे नफा नाही तिथवर जाण्याचे बंधन कुरिअरवाल्यावर नाही. डोंगरपायथ्याच्या वाडीचे पार्सल मोठ्या रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात ठेवले, तर ते पोहोचलेच असे तो समजतो. इकडे आपल्या परिचयाचे रजिस्टर पत्रही 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाले.

भोरच्या तिकिटाची हद्द निदान कोणालाही ठाऊक असे. आज भोंगवलीच्या एखाद्या मुलाला मुलाखतीचे पत्र तारीख उलटून गेल्यावर मिळाले, तर त्याने पाकिटावरचा शिक्का कोणाला दाखवावा?